शेगाव ते सातासमुद्रापार : गजानन महाराजांची कीर्ती पसरली कशी?

२३ फेब्रुवारी १८७८, माघ वद्य सप्तमी. बुलढाणा जिल्ह्यातील शेगावात देविदास पातुरकर यांच्या घरी जेवणावळ उरकली होती. बाहेर टाकलेल्या पत्रावळींवरची शिते वेचून खाणारा, तिशीच्या आतबाहेरचा एक तरुण बंकटलाल अग्रवाल आणि दामोदरपंत कुलकर्णी यांना दिसला. तेच पुढे संत गजानन महाराज म्हणून ओळखले गेले.

महाराजांनी ग्रंथ लिहिला नाही, कीर्तन-प्रवचनाचे फड गाजवले नाहीत. मग त्यांचे नाव एवढे दूर कसे गेले? सांस्कृतिक भूगोलातील काही संकल्पनांच्या आधारे ते समजून घेऊया.

उगमस्थान म्हणजे काय?

एखादी श्रद्धा, भाषा किंवा रीत जिथे रुजते आणि जिथून पसरू लागते, ते तिचे उगमस्थान. महाराजांचे जन्मगाव, आई-वडील यांची खात्रीशीर माहिती नाही. तरीही बंकटलाल यांनी त्यांना घरी नेले आणि गावाने ठेवून घेतले. म्हणून उगमस्थान ठरले ते शेगाव.

संसर्गातून प्रसार

शेजाऱ्याचे पाहून शेजारी एखादी गोष्ट स्वीकारतो, त्याला संसर्गजन्य प्रसार म्हणतात. स्वीडनचे भूगोलतज्ज्ञ टॉर्स्टेन हेगरस्ट्रँड यांनी १९५३ मध्ये शेतकऱ्यांमध्ये नव्या पद्धती कशा पसरतात, याचा असाच अभ्यास मांडला होता. शेगावातही आधी एक घर, मग गल्ली, मग अकोट, बाळापूर, मुंडगाव अशी आसपासची गावे जोडली गेली. वाटेत अडथळेही आले. मारुतीच्या देवळात पाटलांची मुले महाराजांच्या खोड्या काढत, असे पोथी सांगते. पुढे तेच घराणे भक्त झाले.

मोठ्या शहरांची ओढ

मोठी शहरे आणि वजनदार माणसे यांच्यामार्फत होतो तो श्रेणीबद्ध प्रसार. नागपूरचे धनिक गोपाळ बुटी यांनी महाराजांना आपल्या घरी नेऊन ठेवले. शेगाव सुने पडले. महाराज परत आलेच नाहीत तर, ही धास्ती गावाला लागली. अखेर हरी पाटील नागपूरला जाऊन त्यांना घेऊन आले. पुढे १९०८ मध्ये अकोल्यात लोकमान्य टिळकांच्या उपस्थितीत झालेल्या शिवजयंती उत्सवालाही महाराज हजर होते.

या ये-जा करण्याला रेल्वेची साथ होती. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोहोचला होता आणि शेगाव याच मार्गावरचे स्थानक. मुंबई आणि नागपूर अशा दोन्ही बाजूंच्या भाविकांसाठी वाट तयारच होती.

समाधीनंतर काय झाले?

८ सप्टेंबर १९१० रोजी, ऋषिपंचमीला, महाराजांनी समाधी घेतली. त्याआधी, १९०८ मध्येच संस्थान स्थापन झाले होते. महाराजांना पाहिलेली पिढी मागे पडू लागली, तेव्हा आठवणी जपण्याचे काम पोथीने केले. शिर्डीच्या साईबाबांची कीर्ती कीर्तनांतून गावोगावी नेणारे संतकवी दासगणू महाराज यांनी १९३९ मध्ये २१ अध्यायांचा ‘श्री गजानन विजय’ ग्रंथ रचला. आता श्रद्धा घरातल्या देव्हाऱ्यापाशी पोहोचली. पंढरपूर, त्र्यंबकेश्वर, ओंकारेश्वर ही महाराजांच्या प्रवासातील ठिकाणे पोथीत येतात आणि तिथे आज संस्थानच्या शाखाही आहेत. थोडक्यात, पोथीतला प्रवास जमिनीवर उतरला. त्याला सांस्कृतिक भूदृश्य म्हणतात.

स्थलांतरातून प्रसार

माणसे गाव सोडतात, तेव्हा सोबत रीतीही नेतात. नोकरी-शिक्षणासाठी विदर्भातून पुणे, मुंबई आणि पुढे अमेरिकेला गेलेल्या कुटुंबांनी पोथी सोबत नेली. त्यामुळे प्रकट दिन आता तिथेही साजरा होतो, पारायणे ऑनलाइन होतात.

दुसरीकडे, १९६८ पासून शेगावची पालखी आषाढी वारीसाठी विदर्भातून मराठवाड्यामार्गे पंढरपूरला पायी जाते. सातशे किलोमीटरहून अधिक अंतर, महिनाभराची चाल. मुक्कामाच्या प्रत्येक गावात वारकऱ्यांना जेवू-खाऊ घालायला लोक पुढे येतात. १८७८ मध्ये एका घराने अनोळखी माणसासाठी दार उघडले होते. पालखीच्या वाटेवर ते दरवर्षी नव्याने घडते.