विश्लेषण : राखीव जंगल, वर्किंग प्लॅन, ग्रामवन... गडचिरोलीच्या जंगलात हे शब्द रुजवणारे ब्रँडिस कोण होते?

चंद्रपूर-गडचिरोलीचे सागवान २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी रवाना झाले, तेव्हा बल्लारपूरच्या लाकूड आगाराचे नाव देशभर पोहोचले. कोणते झाड कधी तोडायचे, जंगल कुणाच्या ताब्यात आणि गावाचा हक्क कुठवर, हे ठरवणारी चौकट मात्र दीडशे वर्षांपूर्वीची आहे. ती उभारण्यात एका जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाचा मोठा वाटा होता. त्यांचे नाव डिट्रिच ब्रँडिस.

बॉनचा प्राध्यापक भारतात कसा आला?

ब्रँडिस यांचा जन्म ३१ मार्च १८२४ रोजी जर्मनीतील बॉन येथे झाला. वडील तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते. मुलाने वनस्पतिशास्त्र निवडले आणि बॉनच्याच विद्यापीठात तो शिकवू लागला. सेरामपूरचे मिशनरी जोशुआ मार्शमन यांची कन्या रेचल यांच्याशी त्यांचा विवाह झाला. रेचल यांच्या बहिणीचे पती हेन्री हॅवलॉक हे ब्रिटिश फौजेतील बडे अधिकारी. या नात्यातून ब्रँडिस यांचे नाव गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांच्यापर्यंत गेले. १८५६ मध्ये त्यांच्याकडे ब्रह्मदेशातील पेगूच्या सागवान जंगलांची जबाबदारी आली.

जहाजे, इमारती आणि पुढे रेल्वेचे स्लीपर यांसाठी लाकडाची मागणी अफाट होती. व्यापारी दिसेल ते मोठे झाड तोडत होते. जंगलात झाडे किती शिल्लक आहेत, हे कुणालाच माहीत नव्हते.

ट्रान्सेक्ट : चालत चालत मोजणी

सगळे जंगल मोजणे अशक्य होते. म्हणून ब्रँडिस ठरावीक वाटेने जात आणि वाटेच्या दोन्ही बाजूंना दिसणारे प्रत्येक सागाचे झाड नोंदवत. पावसात कागद टिकत नसे. त्यामुळे ते बांबूच्या कांडीवर चाकूने खाच पाडत. बुंध्याच्या घेरानुसार झाडांचे चार वर्ग होते आणि प्रत्येक वर्गाची नोंद वेगळी. अशा पट्ट्यांवरून संपूर्ण जंगलाचा अंदाज बांधला जाई.

नमुन्याच्या पट्ट्यावरून मोजणी करण्याच्या या पद्धतीचे नातलग आजही ताडोबात दिसतात. व्याघ्रगणनेच्या वेळी वनरक्षक ठरलेल्या सरळ रेषेवरून चालतात आणि दिसलेल्या चितळ, सांबर, गव्यांची नोंद करतात. तिला लाइन ट्रान्सेक्ट म्हणतात.

शाश्वत उत्पादन म्हणजे काय?

मोजणीनंतरचा प्रश्न होता, तोडायचे किती? समजा, एका जंगलात पूर्ण वाढलेली हजार झाडे आहेत. त्याखालच्या वर्गातील झाडांना तेवढे वाढायला वीस वर्षे लागतात. मग वर्षाला पन्नासहून जास्त मोठी झाडे तोडू नयेत. वीस वर्षांनी पहिली हजार संपतील, तोवर खालची झाडे त्यांच्या जागी उभी राहिलेली असतील. मुद्दलाला हात न लावता व्याजावर जगण्यासारखे हे गणित आहे.

त्यालाच शाश्वत उत्पादन म्हणतात. कोणत्या वर्षी, कोणत्या भागात, किती झाडे तोडायची याचा लेखी आराखडा म्हणजे वर्किंग प्लॅन, अर्थात कार्य आयोजना. आलापल्लीपासून बल्लारपूरपर्यंतची वृक्षतोड आजही अशाच आराखड्याने चालते.

या गणिताला मर्यादाही होती. त्यात मोजला जाई तो साग. मोह, तेंदू, बांबू, चारोळी यांवर जगणाऱ्या माडिया-गोंड कुटुंबांची गरज त्या हिशेबात कुठेच नव्हती.

फिरती शेती आणि टांग्या पद्धत

ब्रह्मदेशात करेन लोक जंगलाचा तुकडा साफ करून, जाळून, त्यावर पीक घेत आणि मग पुढे सरकत. गडचिरोलीतील माडियांची पेंदा शेती याच जातीची. बरेच अधिकारी अशा शेतीवर सरसकट बंदी घालण्याच्या मताचे होते. ब्रँडिस यांनी करेन शेतकऱ्यांनाच पिकाच्या ओळींमध्ये साग लावायला सांगितले. शेतकरी पुढे गेला की मागे सागाची लागवड उरे. ही टांग्या पद्धत. शेतकऱ्याला काही हंगाम पीक मिळे, जमीन मात्र कायमची वनखात्याकडे जाई.

वनखाते आणि राखीव जंगल

१८६४ मध्ये ब्रँडिस भारताचे पहिले वनमहानिरीक्षक झाले. १८६५ मध्ये पहिला वन कायदा आला. तेव्हाचा चांदा जिल्हा १८६१ मध्ये स्थापन झालेल्या मध्य प्रांतात होता. याच प्रांतातील सातपुड्यात बोरीचे जंगल १८६५ मध्ये राखीव झाले. वणवा रोखण्यासाठी जाळरेषा आखणे, उन्हाळ्यात पहारा ठेवणे ही कामे तिथे लवकर सुरू झाली. १८७० च्या दशकात ब्रँडिस यांनी मध्य प्रांताच्या वनव्यवस्थेवर स्वतंत्र सूचना लिहिल्या. मध्य आणि वायव्य भारतातील वृक्षांवरचा त्यांचा ग्रंथ १८७४ चा.

१८७८ चा वाद काय होता?

नव्या कायद्याचा मसुदा होताना तीन मते पुढे आली. बेडन-पॉवेल हे अधिकारी सर्व जंगल सरकारचे मानत. गावकऱ्यांचा वापर त्यांच्या दृष्टीने हक्क नव्हता, ती सवलत होती. मद्रास सरकारला गावांचे परंपरागत हक्क मान्य होते. ब्रँडिस मधल्या वाटेवर होते. मोक्याचे जंगल सरकारने राखावे, उरलेल्या भागात गावांची स्वतःची वने असावीत आणि ती गावांनीच सांभाळावीत, असे त्यांचे मत होते. देशातील अनेक भागांत त्यांनी देवराया पाहिल्या होत्या. लोक जंगल राखू शकतात, हे त्यांना ठाऊक होते.

१८७८ च्या कायद्यात तीन प्रकार आले.

राखीव वन : परवानगी दिलेले सोडून सर्व मना.

संरक्षित वन : मनाई केलेले सोडून सर्व चालते.

ग्रामवन : सरकारने गावाच्या हाती सोपवलेले जंगल.

प्रत्यक्षात जोर राखीव वनांवरच राहिला. बेडन-पॉवेल यांची भूमिका वरचढ ठरली आणि ग्रामवनाचे कलम बहुतांश कागदावर राहिले. १९२७ च्या कायद्यातही ते कलम २८ म्हणून आले. सरपण, चराई आणि निस्तारासाठी गाव वनखात्याच्या परवानगीवर अवलंबून राहिले.

पुढे काय झाले?

१८७८ मध्येच डेहराडूनची वन शाळा सुरू झाली. १८८३ मध्ये ब्रँडिस निवृत्त झाले आणि मायदेशी परतले. अमेरिकेच्या वनसेवेचे पहिले प्रमुख गिफर्ड पिंचो यांनी तरुणपणी त्यांचे मार्गदर्शन घेतले. उतारवयात ब्रँडिस यांनी भारतीय वृक्षांवरचा मोठा ग्रंथ पूर्ण केला. तो १९०६ मध्ये प्रसिद्ध झाला. मे १९०७ मध्ये बॉनमध्ये त्यांचे निधन झाले.

आज त्याचा संबंध काय?

२००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनहक्क दिला. त्यानुसार २००९ मध्ये धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर हक्क मिळाला. २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही ग्रामसभेकडे आला. ग्रामवन आणि सामूहिक वनहक्क यांत मोठा फरक आहे. ग्रामवन सरकार देते आणि परतही घेऊ शकते. सामूहिक वनहक्क हा गावाचा आधीपासूनचा हक्क असून कायदा त्याला मान्यता देतो.

आता बांबू किती तोडायचा आणि किती राखायचा, हा हिशेब ग्रामसभेलाच करावा लागतो. त्यासाठी आधी मोजणी आणि मग तोड, हा ब्रँडिस यांचा क्रम तिलाही पाळावा लागतो.