शाळा सुटली, बर्फ सुटला नाही

मैत्रिणींनो, मुलगी खेळात चमकायला लागली की घरात पहिल्या दिवशी पेढे येतात आणि दुसऱ्या दिवशी प्रश्न येतो. शाळेचं काय? सकाळी मैदान, दुपारी शाळा, संध्याकाळी पुन्हा मैदान, आणि मध्येच कुठेतरी गणिताचा क्लास. स्पर्धा नेमकी सहामाही परीक्षेच्या आठवड्यात. मग आजी म्हणते, खेळून काय पोट भरणार आहे का? आणि बाबा म्हणतात, दहावीपर्यंत थांब, मग बघू.

साधारण शंभर वर्षांपूर्वी नॉर्वे नावाच्या थंडगार देशात एका व्यापाऱ्यापुढे हाच प्रश्न उभा राहिला होता. त्याने काय केलं? शाळाच बंद केली! मुलीला घरी शिकवायला शिक्षक ठेवले आणि दिवसाचे उरलेले सगळे तास बर्फाला देऊन टाकले. ती मुलगी म्हणजे सोनिया हेनी. बर्फावर स्केट्स घालून नाचण्याच्या खेळातली, म्हणजे फिगर स्केटिंगमधली, आजवरची सगळ्यात मोठी नायिका. लागोपाठ तीन ऑलिम्पिक सुवर्णपदकं आणि लागोपाठ दहा जागतिक विजेतेपदं. एकेरीत महिलांमध्ये हा विक्रम अजून कुणी मोडलेला नाही.

सोनियाचा जन्म ८ एप्रिल १९१२ चा, ओस्लो शहरातला. तेव्हा त्या शहराचं नाव क्रिस्तियानिया होतं. वडील विल्हेल्म हे फरच्या कपड्यांचे व्यापारी. घरात पैसा भरपूर. पण त्यांची खरी ओळख वेगळीच होती. तरुणपणी ते सायकल शर्यतीत उतरायचे आणि १८९४ साली जगज्जेतेही झाले होते. जिंकणं म्हणजे काय आणि त्यासाठी शरीराला काय काय सोसावं लागतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आई सेल्माही श्रीमंत घरातली. मोठा भाऊ लैफ.

नाताळात स्केट्सची जोडी भेट मिळाली तेव्हा सोनिया पाच-सहा वर्षांची असेल. बर्फावर पहिली पावलं भावाने शिकवली. नॉर्वेत यात काही विशेष नाही हं. आपल्याकडची पोरं जशी विहिरीत पोहायला शिकतात, तशी तिकडची पोरं हिवाळ्यात बर्फावर घसरायला शिकतात. विशेष होतं ते वडिलांचं बघणं. पोर पडते, उठते आणि पुन्हा तोच प्रकार करते, हे त्यांनी हेरलं. मग रीतसर शिक्षक आले. १९२३ साली, वयाच्या दहाव्या वर्षी, ती नॉर्वेची विजेती झाली.

खरी अडचण इथून सुरू झाली. त्या काळी नॉर्वेत सराव व्हायचा तो उघड्यावरच्या बर्फावर. उन्हाळा आला की बर्फ वितळला, सराव संपला. बारा महिने सराव करायचा तर जिथे यंत्राने बर्फ गोठवतात अशा रिंक हव्यात, आणि त्या होत्या लंडनसारख्या परक्या शहरांत. म्हणजे मुलीला घेऊन देशोदेशी फिरायचं. आता सांगा, कुठली शाळा अशा मुलीला सांभाळून घेईल? हेनी दांपत्याने विचार केला आणि सोनियाचं शाळेत जाणं थांबवलं. खासगी शिक्षक ठेवले. सरावाच्या वेळा आधी ठरायच्या, उरलेल्या वेळात पुस्तकं. आई बरोबर प्रवास करायची. जेवणखाण, कपडे, झोप सगळं आईच्या नजरेखाली. वडिलांकडे पैसा, प्रशिक्षक, स्पर्धा आणि पत्रव्यवहार. सगळं घरच एका मुलीच्या पायांवर उभं राहिलं म्हणा ना!

मात्र त्यांनी तिला फक्त स्केटिंगला जुंपलं नव्हतं. ती टेनिस चांगली खेळायची, पोहायची, घोड्यावर बसायची. लहानपणापासून नृत्याचे धडे होते. पुढे लंडनमध्ये तमारा कार्साविना या थोर रशियन नर्तकीकडेही ती शिकली. मला विचाराल तर ही वडिलांची सगळ्यात शहाणी गोष्ट. एकच हालचाल रोज हजारदा करणारं लहान मूल शरीराने आणि मनाने लवकर शिणतं. हल्लीचे क्रीडातज्ज्ञही लहान वयात चार खेळ खेळू द्या म्हणतात.

१९२४ साली फ्रान्समधल्या शामोनी इथे पहिलं हिवाळी ऑलिम्पिक भरलं. महिलांच्या स्पर्धेत आठ जणी होत्या. सोनिया अकरा वर्षांची, सगळ्यांत लहान. असं सांगतात की कार्यक्रम चालू असताना ती मध्येच कडेला जाऊन प्रशिक्षकाला, पुढे काय करू, असं विचारून यायची! निकाल काय? आठवी. म्हणजे शेवटची.

शाळा सोडायला लावून, एवढा खर्च करून मुलगी शेवटची आली तर आपल्याकडे काय झालं असतं? मावश्या-काकवांनी आईला जगू दिलं नसतं. हेनींनी घरचं वेळापत्रक बदललं नाही. दोन वर्षांनी, १९२६ च्या जागतिक स्पर्धेत ती दुसरी आली.

हा खेळ कसा असतो तेही थोडं सांगायला हवं. तेव्हा स्पर्धेचे दोन भाग असायचे. संगीतावर उड्या, गिरक्या घेत नाचायचं, तो एक भाग. पण त्याआधी आकृत्या काढायच्या. स्केटच्या पात्याने बर्फावर इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी वळणं काढायची आणि पुन्हा त्याच रेघेवरून, जराही न हलता, जायचं. परीक्षक वाकून वाकून रेघा बघायचे. गुणांचा मोठा वाटा या आकृत्यांना होता. रांगोळीची रेघ एका हातात, न तोडता, दहा वेळा एकाच जागी ओढून बघा, म्हणजे कल्पना येईल. बघायला कुणी येत नाही, टाळ्या नाहीत, थंडीत पाय बधिर. तासन्‌तास हे करायला शाळेच्या आधी आणि नंतरचा वेळ पुरणारच नव्हता. सोनियाचं घरचं शिक्षण या आकृत्यांसाठी होतं, असं म्हटलं तरी चालेल.

दुसऱ्या भागात तिने खेळच बदलून टाकला. तोपर्यंत बायका लांब घागरे आणि काळे बूट घालून, जपून जपून स्केटिंग करायच्या. सोनिया लहान मुलगी म्हणून आखूड झग्यात आली आणि त्यामुळे तिला पाय मोकळे टाकता आले, उड्या मारता आल्या. १९२७ च्या सुमारास तिने लंडनमध्ये अॅना पावलोव्हाचं नृत्य पाहिलं आणि ती भारावून गेली. सुट्या सुट्या कसरती जोडण्याऐवजी नाचासारखा एकसंध कार्यक्रम बसवायचा, हे तिने तिथून उचललं. आज टीव्हीवर आखूड झग्यात, पांढऱ्या बुटांत गिरक्या घेणाऱ्या मुली दिसतात ना, ती चाल तिनेच रुळवली.

१९२७ साली, चौदाव्या वर्षी, ती ओस्लोत जगज्जेती झाली. इथे मात्र एक काटा आहे. पाच परीक्षकांपैकी तीन नॉर्वेचे होते! तिघांनी तिला पहिलं ठरवलं. उरलेल्या दोघांनी, एक ऑस्ट्रियाचा आणि एक जर्मनीचा, ऑस्ट्रियाच्या हेर्मा साबोला. बराच गाजावाजा झाला आणि नंतर एका देशाचा एकच परीक्षक असा नियम आला. साबो वैतागून खेळातूनच बाहेर पडली. पण पुढच्याच वर्षी सेंट मॉरिट्झच्या ऑलिम्पिकमध्ये सोनियाने सुवर्णपदक घेतलं आणि शंका घेणाऱ्यांची तोंडं बंद झाली. वय पंधरा. मग १९३२ साली अमेरिकेत लेक प्लॅसिडला दुसरं सुवर्ण. तिथे तिच्या विरुद्ध अकरा वर्षांच्या दोन इंग्लिश मुली उतरल्या होत्या, सेसिलिया कॉलेज आणि मेगन टेलर. सोनियाची वाट आता इतर आईबापांनाही दिसायला लागली होती.

आता पैशाचं बोलू, कारण त्याशिवाय ही गोष्ट अर्धीच राहते. घरी शिक्षक, परदेशातल्या रिंक, आईचा प्रवास, उत्तम प्रशिक्षक हे सगळं फरच्या दुकानातून आलं. साध्या नोकरदाराच्या मुलीला हे जमलं नसतं. आपल्याकडे आज निदान वेगळ्या वाटा आहेत. १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी-बारावीला बसता येतं, १९८९ पासून राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची सोय आहे, राज्य मंडळ खेळाडू मुलांना सवलतीचे गुण देतं. सोनियासाठी असलं काही नव्हतं. परत शाळेत जाण्याचा रस्ताही कुणी मोकळा ठेवला नव्हता. ती हरली असती तर?

ती हरली नाही, म्हणून हा प्रश्न कुणी विचारला नाही. पण एवढ्या बंदिस्त वाढण्याची किंमत वेगळ्या ठिकाणी वसूल झाली असं मला वाटतं. १९३६ साली, गार्मिशच्या ऑलिम्पिकच्या थोडं आधी, बर्लिनमधल्या एका कार्यक्रमात तिने हिटलरला नाझी पद्धतीने हात उंचावून सलाम केला. नॉर्वेतल्या वर्तमानपत्रांनी तिला धारेवर धरलं. नंतर ती हिटलरकडे जेवायला गेली, त्याने सही केलेला फोटो दिला. १९४० मध्ये जर्मनीने नॉर्वे बळकावला तेव्हा तो फोटो तिच्या घरात दर्शनी ठेवला होता आणि घराला धक्का लागला नाही, असं सांगितलं जातं. तिच्या देशातल्या लोकांनी हे बरीच वर्षं मनात ठेवलं. काही जण म्हणतात, तिला राजकारण कळत नव्हतं, ती फक्त टाळ्या देणाऱ्याला नमस्कार करायची. असेलही. पण तेव्हा ती तेवीस वर्षांची होती, लहान नव्हती. आणि बर्फाबाहेरचं जग तिला समजावून सांगणारं, घरच्यांखेरीज, होतं तरी कोण?

व्यवहारात मात्र ती अडाणी नव्हती. १९३६ साली तिसरं सुवर्ण आणि दहावं जागतिक विजेतेपद घेऊन तिने हौशी खेळ सोडला. हौशी खेळाडूला पैसे घ्यायला तेव्हा बंदी होती. तरी वडील पडद्याआड खर्चाच्या नावाने रकमा मागतात, अशी कुजबुज होतीच. मग बापलेक हॉलिवूडमध्ये पोचले. सिनेमावाल्यांच्या दारात उभं राहायचं नाही असं त्यांनी ठरवलं. तिथली रिंकच भाड्याने घेतली, खेळ लावले आणि निर्माते तिकीट काढून बघायला आले! ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स कंपनीने करार केला, तोही तिच्या अटीवर, की काम करीन तर नायिकेचंच. त्याच वर्षी ‘वन इन अ मिलियन’ आला आणि तुफान चालला. बोलण्यातलं नॉर्वेचं वळण काही गेलं नाही, म्हणून कथेतली नायिका बहुधा परदेशी दाखवायचे. काही वर्षांतच ती हॉलिवूडमधल्या सर्वाधिक कमाई करणाऱ्या तारकांमध्ये जाऊन बसली. शिवाय बर्फावरच्या नाचाचे भव्य कार्यक्रम घेऊन गावोगाव दौरे. आजीच्या पोट भरण्याच्या प्रश्नाचं उत्तर तिने बक्कळ दिलं.

पण १९३७ साली वडील गेले. जिच्या दिवसाचा प्रत्येक तास वडिलांनी आखला, तिला पंचविसाव्या वर्षी पहिल्यांदा स्वतःचं वेळापत्रक स्वतः करावं लागलं. १९४० मध्ये लग्न, १९४६ मध्ये घटस्फोट. १९४९ मध्ये दुसरं लग्न, तेही १९५६ मध्ये मोडलं. १९५२ साली तिने स्वतःच्या जबाबदारीवर कार्यक्रमांचा दौरा काढला, तर बाल्टिमोरला प्रेक्षकांचा तात्पुरता सज्जा कोसळून दोनशेहून अधिक माणसं जखमी झाली. दारूचं व्यसन जडलं. भावाशीही धड राहिलं नाही. तिच्या मृत्यूनंतर, १९८५ मध्ये, लैफने एका लेखकाबरोबर तिच्यावर पुस्तक काढलं, त्यात कडवटपणाच फार. सगळंच खरं मानायला नको. पण ज्या घरात एकाच मुलासाठी सगळं घर राबतं, तिथल्या दुसऱ्या मुलाला काय वाटत असेल, ते त्यातून कळतं. खेळाडू मुलीच्या धाकट्या-थोरल्या भावंडांकडे आपलं किती लक्ष असतं, सांगा बरं?

१९५६ साली तिने नील्स ऑनस्ताद या नॉर्वेच्या जहाजमालकाशी लग्न केलं. जुनी ओळख होती. या वेळी संसार टिकला. दोघांनी आधुनिक चित्रांचा मोठा संग्रह केला. आणि जिला चौकटीतली शाळा कधी नीट मिळाली नाही, तिने पतीबरोबर ओस्लोजवळ होविकोडनला एक कलाकेंद्र बांधून देशाला दिलं. १९६८ साली ते उघडलं. रुसलेल्या नॉर्वेशी तिची अशी पुन्हा जवळीक झाली.

तोपर्यंत तिला रक्ताचा कर्करोग झाला होता. १२ ऑक्टोबर १९६९ रोजी, उपचारांसाठी पॅरिसहून ओस्लोला विमानाने नेत असताना, वाटेतच ती गेली. वय सत्तावन्न. कलाकेंद्रामागच्या टेकडीवर तिची आणि नील्सची समाधी आहे. आत चित्रांच्या सोबतीने एका दालनात तिचे चषक आणि पदकं मांडून ठेवली आहेत.