अबोल शास्त्रज्ञ : जॉन बार्डीन

पुण्याजवळ आकुर्डी येथील कारखान्यात २०२२ मध्ये विजेवर चालणाऱ्या स्कूटरींचे उत्पादन सुरू झाले. मूठ किंचित पिळताच अशी स्कूटर वेग घेते. हा वेग ताब्यात ठेवणारा लहानसा सेवक म्हणजे ट्रान्झिस्टर. त्याच्या जनकांपैकी एक होते जॉन बार्डीन.

बार्डीन यांचा जन्म २३ मे १९०८ रोजी अमेरिकेतील मॅडिसन या गावी झाला. त्यांचे वडील वैद्यकाचे प्राध्यापक होते. १९२० मध्ये, जॉन शाळेत शिकत असतानाच, त्यांची आई वारली. हे दुःख मनात ठेवून त्या बुद्धिमान मुलाने अभ्यास चालू ठेवला आणि पंधराव्या वर्षी विद्यापीठात प्रवेश मिळविला.

१९४५ मध्ये ते बेल प्रयोगशाळेत दाखल झाले. त्यांचे गटप्रमुख विल्यम शॉक्ली यांनी एक योजना आखली होती. अर्धवाहक पदार्थाला बाहेरून विद्युत्दाब द्यावा आणि आतील प्रवाह कमीअधिक करावा, अशी ती योजना होती. पण प्रयोग फसला. बार्डीन निराश झाले नाहीत. प्रयोग का फसला, याचाच त्यांनी शोध घेतला. पृष्ठभागावर अडकलेले इलेक्ट्रॉन बाहेरचा परिणाम आत पोहोचू देत नाहीत, हे त्यांच्या ध्यानी आले. पुढे १६ डिसेंबर १९४७ रोजी त्यांनी व वॉल्टर ब्रॅटन यांनी जर्मेनियमच्या तुकड्यावर सोन्याची दोन टोके अगदी जवळजवळ टेकविली. क्षीण विद्युत्संकेत प्रबळ झाला. पहिला ट्रान्झिस्टर जन्मास आला! फसलेली ती जुनी योजनाही १९६० मध्ये त्याच प्रयोगशाळेत सफल झाली. स्कूटरीतील ट्रान्झिस्टर याच कुळातील होत.

हा ट्रान्झिस्टर अर्धवट उघडा ठेवला, तर वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते व तो तापतो. म्हणून तो सेकंदात हजारो वेळा पूर्ण उघडतात व पूर्ण मिटतात. उघडे राहण्याचा काळ, म्हणजेच स्पंदाची रुंदी, वाढविली की मोटरला अधिक शक्ती मिळते. घटविली की कमी. मोठा ट्रान्झिस्टर चटकन उघडावा व मिटावा म्हणून बहुधा दोन लहान ट्रान्झिस्टर त्याच्या दिमतीस असतात. एक त्याला विद्युत्भार पुरवितो, तर दुसरा तो काढून घेतो.

या शोधाबद्दल बार्डीन, ब्रॅटन व शॉक्ली यांना १९५६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. बार्डीन यांनी समारंभास तिन्ही मुलांना आणले नाही, म्हणून स्वीडनच्या राजाने त्यांना प्रेमाने दटावले. पुढच्या वेळी सर्वांना आणीन, असे त्यांनी हसत आश्वासन दिले. ते खरे ठरले! अतिशीत धातूंत विजेला होणारा विरोध का नाहीसा होतो, हे कोडे त्यांनी दोन तरुण सहकाऱ्यांसह १९५७ मध्ये सोडविले. १९७२ मध्ये त्यांना पुन्हा नोबेल मिळाले आणि या वेळी तिन्ही मुले समारंभास हजर होती. भौतिकशास्त्रात हा मान दोनदा मिळविणारे ते एकटेच होत.

३० जानेवारी १९९१ रोजी त्यांचे निधन झाले. ते फार थोडे व हळू आवाजात बोलत. परंतु फसलेल्या प्रयोगालाही त्यांनी प्रश्न विचारला, आणि त्याचे उत्तर आज घरोघरी काम करीत आहे.