तीन मुलांची आई आणि एकोणीस किलोंची सायकल

संपादक मंडळानं विषय दिला, 'मला भावलेली व्यक्ती'. शाळेत या निबंधासाठी आपल्याकडे तीन-चार ठरलेली नावं असायची आणि त्यांवर दहापैकी सात मार्क पक्के असायचे. या वेळी मार्कांची चिंता नाही, म्हणून मी निवडलीय अ‍ॅनी कॉप्चॉव्स्की. जग तिला अ‍ॅनी लंडनडेरी म्हणून ओळखतं. सायकल घेऊन पृथ्वीप्रदक्षिणा करणारी पहिली स्त्री.

तिचा जन्म १८७० च्या सुमारास लॅटव्हियातल्या एका ज्यू घरातला. लहानपणीच ती आईवडिलांबरोबर अमेरिकेत, बोस्टनला आली. सतरा-अठराची असताना आईवडील पाठोपाठ गेले. मग लग्न झालं, नवरा मॅक्स फेरीवाला. चार वर्षांत तीन मुलं. घर गरिबांच्या चाळीतलं. घराला हातभार म्हणून ती वर्तमानपत्रांसाठी जाहिराती गोळा करायची. हे काम लक्षात ठेवा, पुढे तेच तिच्या कामी आलं.

जून १८९४ मध्ये ती बोस्टनच्या स्टेट हाउससमोरून निघाली. मागे एका पैजेची गोष्ट होती. बाईमाणसानं पंधरा महिन्यांत जगाला फेरी मारून वाटेत पाच हजार डॉलर कमवून दाखवावेत. जिंकली तर दहा हजारांचं बक्षीस. ही पैज खरंच कुणी लावली होती की तिनंच रचली, याबद्दल अभ्यासकांना शंका आहे. मला विचाराल तर तिनंच रचली असावी. कारण जाहिरात विकणारीला ठाऊक असतं, की नुसती सायकल चालवणारी बाई ही बातमी होत नाही, पैजेवर निघालेली होते. न्यू हॅम्पशायरच्या लंडनडेरी नावाच्या पाण्याच्या कंपनीनं तिला शंभर डॉलर दिले. बदल्यात कंपनीची पाटी सायकलला लागली आणि कंपनीचं नाव तिला. आडनावच भाड्यानं दिलं म्हणा ना!

निघायच्या काही दिवस आधीपर्यंत ती सायकलवर बसलीही नव्हती. लांब घागरा, एक कपड्यांचा जोड, एक पिस्तूल आणि बेचाळीस पौंडांची, म्हणजे एकोणीस किलोंची, कोलंबिया कंपनीची बायकी सायकल. शाळेच्या चढावर आपली लेडीज सायकल हातानं ढकलणाऱ्या मैत्रिणींना वेगळं सांगायला नको. सप्टेंबरअखेर ती शिकागोला पोचली तेव्हा वजन नऊ-दहा किलो उतरलं होतं. पुढे डोंगर आणि थंडी. ती सोडून द्यायच्या बेतात होती.

तिथं तिनं दोन गोष्टी बदलल्या. जड सायकल देऊन स्टर्लिंग कंपनीची पुरुषांची सायकल घेतली, वजन निम्मं. आणि घागरा सोडून सैल विजार चढवली, पुढे तर पुरुषी पोशाखच. आमच्यातल्या मेकॅनिकलवाल्यांसाठी सांगते, या सायकलला ब्रेक नव्हता आणि फ्रीव्हीलही नव्हतं. चाक फिरतंय तोवर पॅडल फिरणारच, उतारावर पायांनीच जोर लावून वेग रोखायचा. मग पश्चिमेचा बेत सोडून ती उलटी न्यूयॉर्कला आली आणि बोटीनं फ्रान्सला गेली. ल हाव्रला उतरून पॅरिस आणि तिथून मार्सेल.

पुढचा हिशोब आपण हिंदुस्थानी लोकांनी जरा नीट बघावा. जानेवारी १८९५ मध्ये मार्सेलहून बोटीत बसलेली अ‍ॅनी मार्चअखेर सॅन फ्रान्सिस्कोला उतरली. मधे अलेक्झांड्रिया, कोलंबो, सिंगापूर, सायगाव, हाँगकाँग, शांघाय, जपान. दोन महिन्यांत. परतल्यावर मात्र ती व्याख्यानांत सांगायची, की हिंदुस्थानात जर्मन राजघराण्यातल्या लोकांबरोबर वाघांची शिकार केली! कधी केली असेल, तुम्हीच ठरवा. आशियातला बराचसा प्रवास सायकलनं बोटीतूनच केला.

वाघांचं मला काही वाटत नाही. थाप ती थाप. सलतं ते दुसरंच. फ्रान्समध्ये ती स्वतःला कधी श्रीमंत वारसदार सांगे, कधी डॉक्टरकीची विद्यार्थिनी. घरी मॅक्स तिन्ही मुलांना सांभाळत होता, आणि तिच्या या गोष्टींत त्या चौघांना जागाच नव्हती. मी दोन मुलांना घरी ठेवून कामासाठी तीन आठवडे परदेशी गेले, तेव्हा प्रत्येकानं मला एकच विचारलं, "मुलांचं कोण बघतंय?" बरोबरच्या दोन मुलांच्या बापाला कुणी विचारलं नाही. अ‍ॅनीनं हा प्रश्नच उद्भवू दिला नाही. तिचं बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. पण पाच-सहा वर्षांच्या आतली तीन मुलं मागे ठेवून आलेय असं खरं सांगितलं असतं, तर १८९५ मध्ये तिची तिकिटं कोण विकत घेणार होतं?

सॅन फ्रान्सिस्कोहून पुढे तिनं कॅलिफोर्निया, अ‍ॅरिझोना, टेक्सास, कोलोरॅडो असा रस्ता धरला. काही टप्पे आगगाडीनं, पण पुष्कळसे सायकलवर. आयोवात डुकरांच्या कळपात घुसून ती पडली आणि मनगट मोडलं. तो हात प्लास्टरमध्ये घेऊन १२ सप्टेंबर १८९५ ला शिकागोला पोचली, मुदतीच्या आत. मग घरी.

त्यानंतर कुटुंब न्यूयॉर्कला गेलं. न्यूयॉर्क वर्ल्ड या वृत्तपत्रात तिनं काही काळ लिहिलं, पहिला लेख अर्थातच आपल्या सफरीवर. चौथं मूल झालं. १९४७ साली ती गेली तेव्हा लोक तिला विसरले होते. पुढे भावाच्या वंशातल्या एका पणतूनं जुनी वर्तमानपत्रं धुंडाळून २००७ मध्ये तिच्यावर पुस्तक काढलं. कोणती गोष्ट घडली आणि कोणती तिनं रचली, हे त्यालाही एकेक बातमी समोर ठेवून वेगळं करावं लागलं.