न परतलेले विमान

३१ जुलै १९४४ ची सकाळ. भूमध्य समुद्रातील कोर्सिका बेटावरच्या बोर्गो येथील हवाई तळावरून पावणेनऊच्या सुमारास एका वैमानिकाने एकट्याने उड्डाण केले. ‘लायटनिंग’ जातीच्या त्या विमानात एकही बंदूक नव्हती. जिथे बंदुका असावयाच्या, त्या पुढच्या निमुळत्या भागात कॅमेरे बसविलेले होते. जर्मन सैन्याने व्यापलेल्या फ्रान्समधील ग्रनोबल ते आनेसी या डोंगराळ प्रदेशाची छायाचित्रे उंचावरून टिपायची आणि परत यायचे, एवढेच त्या दिवशीचे काम होते. दुपारी अडीचपर्यंत पुरेल इतके इंधन विमानात होते. अडीच वाजून गेले. विमान आले नाही.

तो वैमानिक म्हणजे ‘छोटा राजपुत्र’ ही अजोड कथा लिहिणारे फ्रेंच लेखक आंत्वान द सेंत-एक्झुपेरी.

त्यांचा जन्म २९ जून १९०० रोजी फ्रान्समधील ल्यों शहरात झाला. ते चार वर्षांचे होण्याआधीच वडील वारले. बाराव्या वर्षी ते प्रथम विमानात बसले, आणि त्या दिवसापासून आकाशाची ओढ त्यांना कधी सोडून गेली नाही. १९२६ मध्ये ते टपाल वाहून नेणाऱ्या विमान कंपनीत रुजू झाले. त्या काळी हे काम म्हणजे जिवाशी खेळ होता. उघड्या विमानात ऊन-वारा सोसत, नकाशा आणि होकायंत्र यांच्या भरवशावर वाळवंटे ओलांडावी लागत. सहाराच्या किनाऱ्यावरील केप जुबी येथील एकाकी ठाण्याचे ते प्रमुख होते. वाळवंटात उतरणे भाग पडलेल्या वैमानिकांना तेथील टोळ्या ओलीस धरीत. त्यांच्या सुटकेसाठी बोलणी करणे हेही त्यांचेच काम. पुढे अर्जेंटिनात रात्रीच्या टपाल-उड्डाणांचा अनुभव त्यांनी घेतला आणि त्यातून १९३१ मध्ये ‘रात्रीचे उड्डाण’ ही कादंबरी जन्माला आली.

३० डिसेंबर १९३५ रोजी पॅरिसहून सायगावकडे जाताना त्यांचे विमान लिबियाच्या वाळवंटात कोसळले. ते आणि त्यांचा यंत्रज्ञ कित्येक दिवस जवळजवळ पाण्यावाचून भटकले. अखेर एका बदाऊनने त्यांचे प्राण वाचविले. वाळवंटात विमान बंद पडलेला वैमानिक ‘छोटा राजपुत्र’मध्ये कोठून आला, हे यावरून सहज कळते. १९३८ मध्ये ग्वाटेमालात झालेल्या अपघाताने तर त्यांचे शरीर कायमचे खिळखिळे केले.

दुसऱ्या महायुद्धात १९४० च्या मे महिन्यात, फ्रान्सचा पराभव समोर दिसत असताना, ते टेहळणी पथकात होते. पथकाची विमाने एकामागून एक नष्ट होत होती. फ्रान्स शरण गेल्यावर ते न्यूयॉर्कला गेले. तेथेच १९४३ च्या एप्रिलमध्ये ‘छोटा राजपुत्र’ प्रसिद्ध झाले. त्यातील चित्रेही त्यांचीच.

येथे त्यांना थांबता आले असते. वय त्रेचाळिसाच्या घरात, शरीर जुन्या जखमांनी ग्रासलेले, नाव जगभर झालेले. परंतु त्याच महिन्यात ते उत्तर आफ्रिकेतील आपल्या जुन्या पथकाकडे निघाले. देशबांधव संकटात असताना दुरून केवळ शब्द लिहिणे त्यांना पटणारे नव्हते. लायटनिंग चालविण्यासाठी ठरलेली वयोमर्यादा त्यांनी केव्हाच ओलांडली होती. त्यात १९४३ च्या उन्हाळ्यात विमान उतरविताना अपघात झाला आणि त्यांचे उड्डाण बंद करण्यात आले. आठ महिन्यांहून अधिक काळ ते अधिकाऱ्यांचे उंबरठे झिजवीत राहिले. शेवटी अमेरिकी सेनानी जनरल ईकर यांनी पाच उड्डाणांची परवानगी दिली. ती पाचांवर थांबली नाहीत. उड्डाणाचा जाड पोशाख त्यांना इतरांच्या मदतीनेच चढवावा लागे. मान मागे वळवून शत्रूचे विमान येते का, हे पाहणेही कठीण होते. निःशस्त्र विमानात वैमानिकाचा आधार म्हणजे त्याची उंची, वेग आणि नजर. त्यातली एक आधीच उणी होती. मित्रांना त्यांची चिंता वाटे. दक्षिण फ्रान्सवरील नियोजित चढाईचे गुपित त्यांना सांगून टाकायचे, म्हणजे शत्रूच्या हाती पडण्याच्या भीतीने त्यांना उड्डाणास मनाई करावीच लागेल, अशी युक्ती सहकाऱ्यांनी योजली होती, असे चरित्रकार सांगतात. ती अमलात येण्याआधीच ३१ जुलै उजाडला. ती चढाई १५ ऑगस्टला झाली.

त्यानंतर चोपन्न वर्षे काहीच हाती आले नाही. ७ सप्टेंबर १९९८ रोजी मार्सेलजवळ, रिऊ बेटाच्या परिसरात एका मच्छीमाराच्या जाळ्यात चांदीचे साखळीकडे सापडले. त्यावर त्यांचे, पत्नी कॉन्सुएलोचे आणि न्यूयॉर्कच्या प्रकाशकाचे नाव कोरलेले होते. आनेसीपासून इतक्या दूर, समुद्रात ते कसे सापडेल, म्हणून कित्येकांनी त्यावर विश्वास ठेवला नाही. २००० मध्ये एका पाणबुड्याला त्याच भागात समुद्रतळाशी विमानाचे अवशेष आढळले. २००३ मध्ये काही तुकडे वर काढण्यात आले आणि एका तुकड्यावर कारखान्याचा क्रमांक मिळाला : २७३४. एप्रिल २००४ मध्ये तज्ज्ञांनी खात्री दिली, की विमान त्यांचेच होते.

ते का कोसळले, हे मात्र त्या धातूने सांगितले नाही. मिळालेल्या तुकड्यांवर गोळ्यांच्या खुणा आढळल्या नाहीत. पण तुकडे फार थोडे होते. २००८ मध्ये एका वृद्ध जर्मन वैमानिकाने आपणच ते पाडल्याचे सांगितले. त्याला कागदोपत्री आधार मिळाला नाही. प्राणवायूचा पुरवठा बिघडला, यंत्र बंद पडले की शत्रूने गाठले, हे तर्कच राहिले. पॅरिसजवळील ल बूर्झे येथील विमान-संग्रहालयात ते गंजलेले तुकडे ठेवण्यात आले.