सगळ्यांना म्हणता येईल अशी चाल



गेल्या पंधरा ऑगस्टच्या आधी आमच्या वर्गाची मोठी फजिती झाली. मैदानावर समूहगीताचा सराव चालला होता. मी पुढच्या ओळीत होते. माझा आवाज चढा आहे, म्हणून मी हुरळून गेले आणि सगळ्यांच्या पुढे पळत सुटले. मागचे पोट्टे मागेच राहिले. गाणे मधेच मोडले अन् जो तो हसायला लागला.

मला वाटले, आता बोलणी बसणार. पण गुरुजी रागावले नाहीत. मधल्या सुटीत त्यांनी मला बोलावले आणि मोबाइलवर एक फार जुनी तबकडी ऐकवली. आधी नुसती खरखर. मग एका माणसाने वंदे मातरम् म्हणायला सुरुवात केली. आपली नेहमीची चाल नव्हती ती. हा आवाज मास्टर कृष्णरावांचा, असे गुरुजींनी सांगितले. तेव्हापासून मी त्यांची माहिती जमवली. ती येथे लिहीत आहे.

त्यांचे आडनाव फुलंब्रीकर. आपल्या फुलसावंगीच्या नावातही फूल आहे, त्यामुळे मला ते लगेच पाठ झाले. त्यांचा जन्म २० जानेवारी १८९८ रोजी देवाच्या आळंदीला झाला. आवाज गोड होता म्हणून लहानपणीच ते नाटक मंडळीत गेले. संत सखूच्या नाटकात ते विठोबा होत. नाटकात काम करणाऱ्या लहान मुलांना तेव्हा मास्टर म्हणायचे. मुले मोठी झाली की बहुतेकांचे ते नाव सुटे, यांचे मात्र जन्मभर चिकटून राहिले.

पुढे भास्करबुवा बखले यांच्यासारखे थोर गुरू त्यांना लाभले. त्यांच्याजवळ राहून कृष्णराव मोठे गवई झाले. १९२२ साली बुवा वारले. त्यानंतर बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत कृष्णरावांनी कान्होपात्रा वगैरे नाटकांना चाली दिल्या. मग प्रभात कंपनीचे बोलपट आले. धर्मात्मा, गोपालकृष्ण, माणूस, शेजारी अशी पुष्कळ नावे आहेत. शेजारी १९४१ सालचा. त्यात एका गावात राहणाऱ्या हिंदू आणि मुसलमान शेजाऱ्यांची दोस्ती दाखवली आहे. त्यातले एक समूहगीत तर अजून मोठ्या माणसांच्या तोंडी आहे. एवढा ताना घेणारा गवई, पण ती चाल कशी साधी! वावरात निंदता निंदतासुद्धा म्हणता येईल.

आता तबकडीविषयी सांगते, कारण आमच्यापैकी कोणी ती पाहिलेली नाही. आमच्या आबाजींनी पाहिली आहे. त्यांच्या लहानपणी लग्नात मांडवावर भोंगा बांधून रेकॉर्ड लावत. जुन्या तबकड्या लाखेच्या, काळ्या आणि जड असत. हातातून पडली की संपली! चावी दिलेल्या यंत्रावर ती मिनिटाला ७८ वेळा फिरे आणि एका बाजूला तीनच मिनिटांच्या जवळपास गाणे मावे. गाणारे आणि वाजवणारे सगळे एकदम उभे राहून मुद्रण करत. शेवटच्या ओळीला एक जण चुकला तरी पुन्हा पहिल्यापासून. हे ऐकले तेव्हा मला माझा पंधरा ऑगस्टचा सराव आठवला. आमची तबकडी कधीच निघाली नसती.

वंदे मातरम् हे गीत बंकिमचंद्रांनी लिहिले आणि १८८२ साली त्यांच्या आनंदमठ पुस्तकात छापून आले. इंग्रजांच्या राज्यात ते म्हणणे सोपे नव्हते. एकदा मुंबई रेडिओवर मास्टर कृष्णरावांचे गाणे चालू होते. त्यात त्यांनी वंदे मातरम् सुरू केले, तर केंद्रावरच्या साहेबांनी प्रक्षेपणच बंद पाडले. घरोघरच्या रेडिओत आवाज नाही! कृष्णरावांनी रेडिओवर गाणेच सोडले. रेडिओ म्हणजे गवयाला नाव आणि पैसा. पण स्वातंत्र्य मिळेपर्यंत ते परत गेले नाहीत. १९४७ साली गेले, ते वंदे मातरम् म्हणायलाच.

पण खरी परीक्षा पुढेच होती. राष्ट्रगीत कोणते असावे हा प्रश्न निघाला. १९४८ साली पंडित नेहरूंनी सांगितले की वंदे मातरम् थोर आहे, पण बँडवर वाजवायला अवघड आहे. परदेशात आपले राष्ट्रगीत तिथल्या बँडवाल्यांना वाजवता आले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. कृष्णराव चिडून घरी बसले नाहीत. झिंझोटी रागात त्यांनी त्या गीताला अशी चाल बांधली, की पुष्कळ माणसांना एका सुरात म्हणता यावी आणि बँडलाही धरता यावी. बँडच्या लोकांना बरोबर घेऊन त्यांनी ती बसवली आणि दिल्लीला जाऊन घटना समितीच्या सभासदांना ऐकवली. जे जमणार नाही असे म्हणत होते, ते त्यांनी वाजवूनच दाखवले.

२४ जानेवारी १९५० रोजी निर्णय जाहीर झाला. जन गण मन हे राष्ट्रगीत झाले आणि वंदे मातरम् ला त्याच्याइतकाच मान मिळाला. गीताला मान मिळाला, चाल मात्र दुसरीच रुळली. शाळा सुटताना आपण म्हणतो ती त्यांची नाही. मला हे वाचून लय वाईट वाटले. इतकी वर्षे खटपट केलेल्या माणसाला काय वाटले असेल!

पण त्यांचे काम थांबले नाही. १९५६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या सांगण्यावरून त्यांनी बुद्धवंदनेला चाल लावली आणि तिची तबकडी निघाली. १४ ऑक्टोबरला नागपूरची धम्मदीक्षा, त्याच वर्षाची ही गोष्ट. वंदना पाली भाषेत आहे. जोडाक्षरे अवघड. ज्यांना अक्षरओळख नव्हती, त्यांनी ती कशी पाठ करावी? तबकडी ऐकून मात्र ज्याला वाचता येत नाही त्यालाही चाल घेता येते. रागदारीच्या मैफलीत वाहवा मिळवणाऱ्या गवयाने असे काम मनापासून केले, हे मला त्यांच्या सगळ्या नाटक-सिनेमापेक्षा मोठे वाटते. कोणाला तसे वाटणार नाही, तो ज्याचा त्याचा विचार.

१९७१ साली सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. २० ऑक्टोबर १९७४ रोजी ते वारले.

गुरुजींनी ती तबकडी माझ्या बाबांच्या मोबाइलवर पाठवली. रात्री जेवणानंतर आबाजींना ऐकवली. खरखर सुरू झाली तसे ते सावरून बसले अन् मांडवावरच्या भोंग्याची गोष्ट परत पहिल्यापासून सांगू लागले. गाणे संपले तरी त्यांची गोष्ट संपेना, म्हणून मला दुसऱ्यांदा लावावे लागले.

सव्वीस जानेवारीच्या सरावात मी दुसऱ्या ओळीत उभी राहते. माझ्या शेजारणीचा आवाज फार बारीक आहे. तो मला ऐकू येतो की नाही, तेवढे पाहत मी म्हणते. परवा गाणे शेवटपर्यंत गेले.