सासष्टीतला इंग्रज पुराणिक

परदेशी मिशनरी म्हटला की आपल्यापुढे दोनच चित्रे उभी राहतात. एक, सेवेत देह झिजवणारा देवमाणूस. दुसरे, गोड बोलून धर्म बुडवायला आलेला परका. दोन्ही चित्रे काढायला सोपी आहेत. त्या माणसाचा रोजचा दिवस कशात जात असेल, हा प्रश्न मात्र आपण सहसा विचारत नाही.

मी परभणीचा. आमच्या जिल्ह्यातले गंगाखेड हे जनाबाईंचे गाव. जात्याच्या घरघरीबरोबर ओवी कानावर पडते, ती कुणी शिकवावी लागत नाही, असा हा गोदाकाठचा मुलूख. म्हणूनच प्रौढपणी आपली भाषा शिकून मराठीत दहा हजारांवर ओव्या रचणाऱ्या फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रजाविषयी मला फार दिवसांचे कुतूहल आहे.

स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमाराचा, इंग्लंडच्या विल्टशायर परगण्यातला. राणी एलिझाबेथच्या राज्यात कॅथलिक असणे धोक्याचे होते. थॉमस पाउंड या मित्राबरोबर रोमला जाऊन जेझुइट व्हायचे त्यांनी ठरवले. पण पाउंड पकडला गेला आणि त्याच्या आयुष्याची पुढली कित्येक वर्षे तुरुंगात गेली. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोचले आणि १५७५ मध्ये जेझुइट संघात दाखल झाले. ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघालेले त्यांचे जहाज २४ ऑक्टोबरला गोव्याला लागले. सहा महिन्यांहून अधिक काळ पाण्यावर! हिरड्या सुजत, अंग फुगे, दीडशेवर माणसे आजारी पडली आणि सत्तावीस दगावली. हा सगळा वृत्तांत त्यांनी गोव्यात उतरताच वडिलांना पत्राने कळवला. पत्रे वर्षातून एकदा, वाऱ्याच्या हंगामावर जाणाऱ्या जहाजांतून जात. एका पत्राचे उत्तर यायला दीड-दोन वर्षे लागत.

परतीची वाट तर बंदच होती. १५८५ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये जेझुइट पाद्रीने पाऊल ठेवणे हाच राजद्रोह ठरला. इकडे १५८० पासून पोर्तुगालवर स्पेनच्या राजाची सत्ता आली, आणि त्याचे इंग्लंडशी हाडवैर. म्हणजे मायदेशात गुन्हेगार आणि गोव्यात शत्रूच्या देशातला माणूस, अशी ही अवस्था. तरी १५८३ मध्ये राल्फ फिच, जॉन न्यूबेरी आणि त्यांचे दोन सोबती हे इंग्रज गोव्याच्या कैदेत पडले, तेव्हा त्यांच्या जामिनासाठी धडपडले ते स्टीफन्सच.

उरलेला बहुतेक काळ सासष्टीत, मडगाव-रायतूरच्या परिसरात गेला. प्रार्थना, पापनिवेदन ऐकणे, मठाचा कारभार ही कामे होतीच. पण खरी मेहनत होती ती भाषेची. लोकांची कोकणी आणि ग्रंथांची मराठी, दोन्ही त्यांनी आत्मसात केल्या. १५८३ मध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात इथल्या भाषांची घडण ग्रीक-लॅटिनशी जुळते असे त्यांनी नोंदवले. सर विल्यम जोन्सच्या सुप्रसिद्ध व्याख्यानाच्या दोन शतके आधी! त्यांचे कोकणी व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर, १६४० मध्ये रायतूरला छापले गेले.

पण या विद्येच्या भोवती काय चालले होते, तेही पाहिले पाहिजे. १५६७ मध्ये सासष्टीतली देवळे पाडली गेली होती. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळीला चर्चसाठी जागा पाहायला गेलेल्या पाच जेझुइटांना संतप्त गावकऱ्यांनी ठार केले. त्यांची प्रेते मिळवून मूठमाती देण्याचे काम स्टीफन्स यांच्या वाट्याला आले. पुढे पोर्तुगीजांनी गावच्या प्रमुखांना बोलणी करायला म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावले आणि दगा देऊन मारले. प्रवचन देणाऱ्यामागे अशी तलवार उभी असली, म्हणजे प्रवचनाचा अर्थच बदलतो. स्टीफन्स कितीही सालस असले, तरी त्या सत्तेच्या छायेतच ते वावरत होते.

या पापाची जाणीव त्यांच्याच ग्रंथात एका जागी उमटली आहे. आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हाला दुसरे का देत नाही, असे तिथे एक नवख्रिस्ती ब्राह्मण विचारतो. या प्रश्नाचे उत्तर म्हणजे १६१६ मध्ये रायतूरला छापलेले ‘ख्रिस्तपुराण’. १०,९६२ ओव्या, विषय बायबलचा, पण वळण आपल्या पुराणांचे. स्वर्गालासुद्धा तिथे वैकुंठ म्हटले आहे. मराठी लिपीचे खिळे पाडण्याची परवानगी त्यांनी १६०८ मध्ये रोमकडे मागितली होती. ते घडले नाही. मराठी काव्य रोमन अक्षरांत छापावे लागले.

१६१९ मध्ये, चाळीस वर्षे इथे काढून, ते गोव्यातच वारले. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने लोकांची भाषाच सोडवण्याचा हुकूम काढला. ज्या भाषेसाठी या पाद्रीने आयुष्य वेचले, तिच्यावरच त्याच्या धर्माच्या राजवटीने घाव घातला! सतराव्या शतकातल्या तीन आवृत्त्यांपैकी एकही प्रत उरली नाही. पण ख्रिस्ती घरांतून हस्तलिखिते जपली गेली, आणि त्यांच्या आधारे १९०७ मध्ये मंगळूरला सालढाणांनी ग्रंथ पुन्हा छापला. १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी तो देवनागरीत आणला.

स्टीफन्स यांना संत ठरवण्याची मला घाई नाही, आणि खलपुरुष ठरवण्याचीही नाही. देवळे पाडणाऱ्या राजवटीबरोबर आलेला हा माणूस रोज उठून इथल्या माणसांकडून शब्द शिकत राहिला. शिकवायला आलेल्याने चाळीस वर्षे विद्यार्थी होऊन राहावे, हे त्या काळी दुर्मीळ होते, आजही आहे. ज्यांनी त्यांना ओवी शिकवली, त्या सासष्टीच्या माणसांची नावे ग्रंथावर नाहीत. ख्रिस्तपुराण वाचताना मला त्यांचीही आठवण होते.